आरोग्य कर्मचाऱ्यांचे आभार मानायचे तर: ठाण्यातल्या एका सोसायटीच्या चुकांतून शिकलेली रीत

२०२४ साली १२ मे रविवारी आला होता. जागतिक परिचारिका दिन आणि सुट्टी असा योग जुळून आल्याने वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीने पाच सिस्टरांचा सत्कार ठरवला. वेळ सकाळी अकराची. प्रमुख पाहुणे पावणेएकला आले. पाचपैकी दोघी रात्रपाळी संपवून थेट आल्या होत्या. स्टिल्टमधल्या पार्किंगमध्ये पंखा गरम हवा फेकत होता, आणि तिसरं भाषण सुरू असताना त्यांतल्या एकीची मान खुर्चीतच कलली. फोटोग्राफर त्या डोळे उघडण्याची वाट बघत थांबला. मग आम्ही त्यांना शाल पांघरली. ठाण्यात, मे महिन्यात. सेक्रेटरी मी होते, म्हणजे बेतही माझाच.

त्याच पावसाळ्यात आईला डेंग्यू झाला आणि ती नऊ दिवस एका सरकारी रुग्णालयात होती. पहिल्या रात्री सिस्टरने माझ्याकडे मागितलेली पहिली गोष्ट होती, "ताई, पेन आहे का हो?" नऊ दिवसांत मी सात पेनं दिली. या लोकांना खरंच काय उपयोगी पडतं, हा विचार माझ्या डोक्यात तिथून सुरू झाला. पुढे जे लिहिते आहे ते त्यानंतर आम्ही सोसायटीत आणि मी घरच्या पातळीवर करून पाहिलेलं आहे. ठाण्याला आणि खाडीपलीकडे नवी मुंबईला थोड्या फरकाने लागू पडेल.

पहिलं काम: नावं टिपून ठेवा

आभार मानायची वेळ येते तेव्हा आपल्याला फक्त मोठ्या डॉक्टरांचं नाव आठवतं, कारण ते फाइलवर छापलेलं असतं. रात्री तीनला सलाइन बदलणारी सिस्टर, स्ट्रेचर ढकलणारे मामा, बेडपॅन देणाऱ्या मावशी, रक्त घ्यायला आलेला लॅबचा मुलगा, औषधाच्या खिडकीवरचा फार्मासिस्ट, चोवीस तास उलटून गेल्यावरही उभा असलेला निवासी डॉक्टर, ही नावं डिस्चार्जनंतर दोन दिवसांत पुसली जातात. म्हणून रुग्ण दाखल असतानाच मोबाइलमध्ये एक नोंद उघडा आणि तीन गोष्टी लिहीत जा: नाव, तारीख-पाळी, नेमकं काय केलं. बॅजवर नाव दिसलं नाही तर विचारा. "सिस्टर, तुमचं पूर्ण नाव काय?" असा प्रश्न आपल्याकडे तक्रार करायच्या वेळीच विचारला जातो, त्यामुळे समोरची व्यक्ती दचकते. "पत्र लिहायचंय, चांगलं" असं लगेच सांगून टाका.

१०८ची अ‍ॅम्ब्युलन्स आली असेल तर गाडीचा नंबर आणि वेळ टिपा. आपल्या राज्यात ही सेवा २०१४पासून आहे. तिच्या चालकाला तिथे पायलट म्हणतात, आणि सोबत डॉक्टर असतो. घाईत ते दोघंही आपल्या लक्षात राहत नाहीत.

दुसरं काम: पत्र. बाकी काहीही केलं नाही तरी हे करा

तोंडी "थँक्यू" त्या पाळीपुरतं टिकतं. कागद कार्यालयात जातो, फाइलला लागतो, आणि पुढे कोणी खोटी तक्रार केली तर त्या फाइलमध्ये दुसऱ्या बाजूचंही काहीतरी असतं. कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हे जास्त खरं आहे, कारण आपण बरं काम केलं हे दाखवायला त्यांच्या हातात बहुतेक वेळा काहीच नसतं. महापालिकांच्या आरोग्य केंद्रांत आणि मोठ्या रुग्णालयांतही कंत्राटावरची मंडळी बरीच असतात.

पत्र कोणाला द्यायचं ते रुग्णालयावर ठरतं. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं, आणि राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेलं. तिथे पत्र अधिष्ठात्यांच्या नावाने द्या, प्रत वैद्यकीय अधीक्षकांना. सिव्हिल म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालय राज्य सरकारचं, तिथले प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक. वॉर्डातल्या नागरी आरोग्य केंद्रासाठी तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लिहा आणि प्रत महापालिकेच्या आरोग्य विभागाला: ठाण्यात पाचपाखाडीच्या मुख्यालयात, नवी मुंबईत बेलापूरला. खाजगी नर्सिंग होममध्ये मालक डॉक्टरच सगळं असतात, तिथे पत्र त्यांच्याच हातात द्या. सिस्टरच्या पगाराचा निर्णय तेच घेतात, हेही लक्षात असू द्या.

मी लिहिलेल्या पत्राचा साचा असा होता:

"मा. वैद्यकीय अधीक्षक यांस,
विषय: वॉर्ड क्र. __ मधील कर्मचाऱ्यांच्या चांगल्या कामाबद्दल.
माझी आई दि. __ ते __ या काळात आपल्या रुग्णालयात दाखल होती. दि. __ च्या रात्रपाळीत परिचारिका श्रीमती __ यांनी तिचा रक्तदाब उतरत असल्याचं वेळेत ओळखून निवासी डॉक्टर __ यांना लगेच बोलावलं. आया श्रीमती __ यांनी ती उठू शकत नसताना दिवसातून दोनदा तिचे कपडे व चादर बदलली, आणि तसं करताना दर वेळी पडदा ओढला. या दोन्ही गोष्टींची आपल्या कार्यालयाने नोंद घ्यावी आणि हे पत्र संबंधितांना दाखवावं, ही विनंती."

बस्, एवढंच. "देवदूत", "ईश्वराचं रूप" असलं काही लिहू नका. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. पडदा ओढला, हे कळतं. आजाराचा सगळा इतिहासही नको. तक्रार असेल तर ती वेगळ्या कागदावर, वेगळ्या दिवशी. एकाच पत्रात दोन्ही घातलं की तक्रारीचीच चौकशी सुरू होते आणि कौतुक झालेली सिस्टर साक्षीदार म्हणून त्यात ओढली जाते.

दोन प्रती घेऊन जा. एक आवक खिडकीवर द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तिसरी प्रत काढून ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना हातात दिलीत तर आणखी चांगलं. माझ्या पत्रात मावशींचं आडनाव चुकलं होतं. त्यांनी तसं सांगितलंही नाही. इन्चार्ज सिस्टर बोलल्या तेव्हा कळलं. मी पुन्हा पत्र लिहून पुन्हा आवक करून आले. आवकवाले वैतागले, पण नाव बरोबर लागलं.

पैसे नकोत, आणि त्याचं कारण

प्रसूतीच्या वॉर्डात "मुलगा झाला, आता पेढे?" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. तिथे पेढे म्हणजे पेढे नसतात. खुशीने दिलं तर काय बिघडलं, असं मलाही वाटायचं. बिघडतं ते पुढच्या खाटेवर. कळव्याला शहापूर-मुरबाडकडून, भिवंडीकडून माणसं येतात. त्यांच्या खिशात परतीच्या लोकलपुरते पैसे असतात. तुम्ही काढलेली पाचशेची नोट त्या माणसाच्या डोक्यावर कर्ज होऊन बसते, कारण आता तो रिवाज झालेला असतो.

कायद्यानेही हे सरळ नाही. सरकारी कर्मचाऱ्यांनी भेटी स्वीकारण्यावर वर्तणूक नियमांची बंधनं आहेत, आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. कामासाठी कोणी पैसे मागितलेच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. म्हणजे प्रामाणिक सिस्टरसाठी तुमचं पाकीट ही अडचण असते आणि अप्रामाणिक माणसासाठी सवय.

मग द्यायचं काय? आधी इन्चार्ज सिस्टरला विचारायचं. आमच्या विचारण्यातून निघालेली यादी अशी होती: साधी बॉलपेनं (डझनाने), परमनंट मार्कर, चिकटपट्टी, आणि सेकंदकाटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ. नाडी आणि श्वास मोजायला सेकंदकाटा लागतो, आणि त्या वॉर्डातलं घड्याळ बंद होतं. सगळं मिळून खर्च एका शालीपेक्षा फार जास्त नव्हता.

घड्याळ, खुर्ची, वॉटर कूलर अशी वस्तू वॉर्डाला द्यायची असेल तर परस्पर नेऊन ठेवू नका. अधीक्षक कार्यालयाला देणगीचं पत्र द्या, पोच घ्या. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते, देणगी तिच्यामार्फतही घेतली जाते. कूलर देणार असाल तर दुरुस्ती कोण करणार हेही त्याच पत्रात लिहा, नाहीतर वर्षभराने तो कोपऱ्यात फाइली ठेवायचं टेबल होतो. आणि घरातली उरलेली औषधं वॉर्डात देऊ नका. उघडलेली पाकिटं कोणाला देता येत नाहीत आणि ती टाकायचं काम पुन्हा त्यांच्याच गळ्यात पडतं.

खाण्याचं म्हणाल तर वेळ सगळ्यात महत्त्वाची. बहुतेक ठिकाणी पाळ्या सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठच्या आसपास बदलतात. त्या अर्ध्या तासात चार्ज देणं-घेणं चालतं, तेव्हा खोकं घेऊन उभं राहू नका. मिठाई सगळे आणतात आणि ती दिवसपाळीतच संपते. रात्रपाळीला काही पोचत नाही. साडेनऊच्या सुमाराला केळी, शेंगदाण्याची चिक्की, पॅकबंद ताक, एका हाताने खाता येईल आणि मध्येच ठेवून पळता येईल असं काहीही. वडापाव छान असतो, पण पहाटे तीनला गार झालेला नाही. माणसं मोजून न्या, आणि मोजताना सफाई कामगार आणि दारावरचा सुरक्षारक्षक धरा.

आशाताई दारात येतात तेव्हा

रुग्णालय वर्षा-दोन वर्षांत एकदा घडतं. आरोग्य कर्मचारी आपल्या दारात मात्र महिन्यातून एकदा तरी येतात, आणि सोसायटी म्हणून सगळ्यात जास्त करण्यासारखं इथे आहे.

आशाताई म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका. आशा योजना २००५ साली ग्रामीण भागासाठी सुरू झाली. शहरी आरोग्य अभियान २०१३ला आलं आणि आशाताई वस्त्यांमधून, चाळींतून, आता आपल्या इमारतींमधूनही फिरू लागल्या. शहरात एका आशाकडे साधारण दोनशे ते पाचशे घरं. गरोदर बाईची नोंद, बाळ जन्मल्यावर घरी भेटी (रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा), लसीकरणाची आठवण, तिशीपुढच्यांचे रक्तदाब-मधुमेहाचे फॉर्म, क्षयरोगाचे सर्वेक्षण. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. पण कागदोपत्री त्या अजूनही स्वयंसेविकाच, हाती पडतो तो मोबदला, पगार नव्हे.

आणि आमच्या गेटवर काय होत होतं? रजिस्टरमध्ये सही, "कोणाकडे जायचंय?", मग इंटरकॉम, घरातून "आत्ता नको", मग लिफ्टवरची पाटी: कामगार व डिलिव्हरी यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी. सर्व्हिस लिफ्ट त्या महिन्यात बंद होती. ताई सातव्या मजल्यापर्यंत जिन्याने चढल्या आणि तिथल्या काकूंनी सेफ्टी दाराच्या जाळीतून हात हलवून "आमच्याकडे सगळे ठणठणीत" म्हणून सांगितलं. हे मला नंतर कळलं, कारण एके दिवशी त्या माझ्या दारात पाणी मागायला थांबल्या आणि जरा संकोचून म्हणाल्या, "ताई, बाथरूम वापरू का?" सकाळी नऊपासून दीडपर्यंत त्यांनी कुठेच विचारलं नव्हतं.

त्यानंतर कमिटीच्या बैठकीत आम्ही ठराव केला. तुमच्याकडे करायचा असेल तर मुद्दे हे:

१. आरोग्य विभागाच्या ओळखपत्रावर प्रवेश. ओळखपत्र जरूर बघा, शंका असेल तर आरोग्य केंद्राला फोन करा. त्यांना त्याचा राग येत नाही. एकदा खात्री झाली की मात्र घराघराची परवानगी विचारत बसू नका.

२. मुख्य लिफ्ट. पाटी बदलायला आम्हाला वीस रुपये लागले आणि बैठकीत चाळीस मिनिटं.

३. तळमजल्यावरचं किंवा सोसायटी ऑफिसचं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, आणि फॉर्म भरायला एक टेबल-खुर्ची. वॉचमनला हे लेखी द्या, तोंडी सांगितलेलं त्याची पाळी बदलली की संपतं.

४. येण्याच्या आदल्या दिवशी ग्रुपवर संदेश. ताईंचा फोन नंबर सेक्रेटरीकडे असेल तर त्या आधी कळवतात. दोनशे घरांच्या सोसायटीत कोणत्या घरात बाळ आहे, कोण गरोदर आहे हे आधी कळलं तर त्यांची दोन दिवसांची पायपीट वाचते. मात्र ही माहिती त्या-त्या घराने स्वतः ताईंना द्यावी. कमिटीने यादी बनवून फिरवू नये.

ताई आभा कार्डही (आरोग्याच्या नोंदींचं डिजिटल ओळखपत्र) काढून देतात. ते काढताना आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तिथे लोक घाबरतात. घाबरणं चूक नाही. संदेश पूर्ण वाचा, तो कशासाठी आहे ते बघा, मग सांगा. बँकेचा ओटीपी कोणतीच आशाताई मागत नाही.

पावसाळ्यात फवारणीवाले आणि डासांच्या अळ्या तपासणारे कर्मचारी येतात. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करायला सांगतात. फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, कुंडीखालची बशी, गच्चीवरची ताडपत्री. ते येण्याआधीच हे रिकामं केलंत तर त्यांना तुमच्या घरात दोन मिनिटं पुरतात. आमच्या आईला डेंग्यू कुठून झाला ते ठाऊक नाही, पण आमच्या फ्रिजचा ट्रे मी त्याआधी कधीच काढून पाहिला नव्हता, हे ठाऊक आहे.

पल्स पोलिओनंतर दाराशेजारी खडूने खूण करतात. घरातली सगळी मुलं झाली असतील तर पी, कोणी राहिलं असेल तर एक्स. नवा रंग दिलाय म्हणून लगेच पुसू नका. मागून येणारी तपासणीची टीम तीच खूण बघते, आणि पुसलेली असेल तर पुन्हा सगळे जिने.

रुग्णालयात आपण नातेवाईक असतो तेव्हा

एका रुग्णामागे एकच माणूस थांबू द्या, आणि तो दर तासाला बदलू नका. प्रत्येक नव्या माणसाला सिस्टर तीच गोष्ट पुन्हा सांगते. प्रश्न कागदावर लिहून ठेवा आणि राउंडला एकदम विचारा. जुन्या तपासण्या तारखेप्रमाणे लावून फाइल हातात ठेवा. घरच्या वीस जणांना बातमी द्यायची तर एकाने ग्रुपवर द्यावी, वीस फोन वॉर्डात नकोत. व्हिडिओ काढू नका, शेजारच्या खाटेवर कोणाची तरी आई असते.

आवाज चढू लागला तर आपल्याच माणसाला बाहेर न्या. रुग्णालयातली हिंसा आणि तोडफोड यांसाठी महाराष्ट्रात २०१०चा स्वतंत्र कायदा आहे: अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि झालेल्या नुकसानीच्या दुप्पट भरपाई. पण कायदा लागू होईपर्यंत तिथल्या निवासी डॉक्टरने मार खाल्लेला असतो. चुलतभावाला खांद्याला धरून चहाच्या टपरीवर नेणं, हे त्या वेळचं सगळ्यात उपयोगी काम.

रक्तदानाचं थोडक्यात. वाढदिवसाला मोठं शिबिर घेण्यापेक्षा एप्रिल-मे आणि दिवाळीच्या सुट्टीत द्या, तेव्हा रक्तपेढ्यांत चणचण असते आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना नातेवाइकांच्या शिव्या खाव्या लागतात. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. प्लेटलेट्स पाच दिवसच टिकतात, त्यामुळे एकाच दिवशी दोनशे बाटल्या जमवून तो प्रश्न सुटत नाही.

तुमच्या मजल्यावरच्या सिस्टर

२२ मार्च २०२०ला संध्याकाळी पाच वाजता आमच्या इमारतीत जोरात थाळ्या वाजल्या. महिन्याभराने त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या एका ब्रदरला (पुरुष परिचारकाला) लिफ्ट वापरू नका म्हणून सांगण्यात आलं. तेव्हा मी कमिटीत नव्हते, पण गप्प होते.

आता तसली साथ नाही, तरी रात्रपाळी आहे. सकाळी नऊला घरी येऊन झोपणाऱ्या माणसाच्या डोक्यावर ड्रिल मशीन चालतं. आमच्याकडे फ्लॅटच्या कामाची परवानगी देताना त्या विंगमध्ये कोणी रात्रपाळीचं आहे का ते विचारतो आणि तोडफोडीचं काम दुपारी दोननंतर ठेवतो. अशा घराची बेल कुरिअरसाठी वाजवू नये, पार्सल वॉचमनकडे ठेवावं. दुपारपाळी करून शेवटच्या बसने येणाऱ्या सिस्टरसाठी गेट साडेदहाला बंद होत असेल तर वॉचमनला नाव सांगून ठेवा. पाळीमुळे मूल शाळेतून आणायला कोणी नसेल तर "कधी लागलं तर सांगा" म्हणू नका. "बुधवारी मी आणते" म्हणा.

आणि कार्यक्रम करायचाच असेल

करा, पण त्यांच्या जागी, त्यांच्या वेळेत. १ जुलैच्या डॉक्टर दिनाला सगळे जातात. १२ मेला निम्मे जातात. मावश्यांचा आणि मामांचा दिवसच नसतो, तर कुठलाही मंगळवार धरा. अधीक्षकांची परवानगी आधी घ्या. पंधरा मिनिटं, पाहुणे नाहीत, बॅनर नाही. कोणी काय केलं ते नाव घेऊन दोन-दोन वाक्यांत वाचून दाखवा, पत्रांच्या प्रती द्या, निघा. गेल्या वर्षी आम्ही असं केलं, तेव्हा झोप कोणालाच आली नाही.

यानंतरही काही करावंसं वाटलं तर त्यांच्या मागण्यांचं पत्रक मागून घ्या. २०२४च्या सुरुवातीला राज्यभरातल्या आशा संपावर होत्या, ठाण्यातही धरणं झालं, आणि मोबदलावाढीचा निर्णय त्यानंतर झाला. आपण त्या वेळी "हल्ली ताई दिसत नाहीत" एवढंच म्हटलं. पत्रक वाचा, पटेल तेवढंच घ्या. थकलेला मोबदला, पावसाळ्यात रेनकोट, आरोग्य केंद्रात बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह, असा एखादा नेमका मुद्दा निवडून सोसायटीच्या लेटरहेडवर चार ओळी लिहा आणि नगरसेवकाच्या किंवा आमदारांच्या कार्यालयात नेऊन द्या. दोन प्रती न्या. आवकची सही इथेही घ्यायची.